एकच पेला

"किती बारीक झालीस गं!" असं कोणी कोणाला कौतुकानं म्हटलं की मी अजून दचकते. समोरची बाई लाजून हसत असते आणि मी तिच्या ओठांकडे बघत असते, कोरडे पडलेत का म्हणून. "पाणी किती पितेस?" हा प्रश्न जिभेवर येतो, आणि बऱ्याचदा तोंडातून निघूनही जातो. घरातल्या सुना याला माझं खूळ म्हणतात. त्यांना काय सांगणार? लातूर जिल्हा होऊन दोन-चार वर्षंच झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती, त्या साली एका दहा वर्षांच्या मुलीचं वजन उतरवायचं काम माझ्याकडे होतं. ते भराभर उतरत होतं म्हणून मी खूश होते.

मी मूळची नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढले, त्यामुळे पाणी मोजायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि लातूरला मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई म्हणून लागले. नोकरी एका वर्षाच्या बोलीवर होती. वर्ष चांगलं गेलं तर कायम, नाहीतर वळकटी उचलायची आणि नांदेडची एसटी पकडायची. वडील निवृत्त झालेले, पाठची दोघं शिकत होती. मी रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरताना घाबरलेलीच असायचे आणि ते कळू नये म्हणून मोठ्यानं ओरडायचे.

गावात तेव्हा नव्या जिल्ह्याची धांदल होती. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या चढत होत्या, नवे साहेब येत होते, त्यांच्या जीपगाड्यांचा धुरळा उडत होता. आणि टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा. शाळेच्या व्हरांड्यात दोन रांजण होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांचा पहारा माझ्याकडे दिला. "तुमचा आवाज मोठा आहे," एवढंच कारण. मधल्या सुट्टीत प्रत्येकीला एकच पेला, हा नियम. मी तो असा काही पाळला की मुली माझ्या पाठीमागे मला टँकरबाई म्हणायला लागल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आज सांगायची लाज वाटते.

आषाढाच्या सुरुवातीला नव्या जिल्हा रुग्णालयातले एक तरुण डॉक्टर मुली तपासायला आले. दुष्काळी साल, त्यामुळे ते हडकुळ्या मुलींची यादी करतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. ती त्यांनी केलीच, आणि तशा मुलींना शाळेत सुकडीचा खाऊ चालू झाला. पण जाताना त्यांनी दुसरा एक कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यात सात नावं होती. "या मुलींचं वजन वयाच्या मानानं फार जास्त आहे. आत्ताच लक्ष दिलं तर पुढं त्रास होणार नाही. रोज पळवा, तळलेलं-गोड कमी करायला सांगा आणि दर महिन्याला वजन घ्या," ते म्हणाले. मोठ्या बाईंना ही गोष्ट फार आवडली. लातुरात असं काही कोणत्याच शाळेत नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे तुमचं या वर्षाचं काम. शिक्षणाधिकारी आले की त्यांना दाखवू." त्याचा अर्थ मला बरोबर कळला. माझी नोकरी त्या सात मुलींच्या अंगावर होती.

सातांपैकी सहा जणींचं मला आज फारसं काही आठवत नाही. सातवी पाचवीत होती. गोरी, गुबगुबीत, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, कपाळावर भस्माचा पट्टा, आणि तोंडाला क्षणाचीही विश्रांती नाही. वडील बाजारातले आडत व्यापारी. घरात चार पिढ्यांनी धान्य विकलेलं आणि चवीनं खाल्लेलं. ही पळायला लागली की चार पावलांत थांबायची आणि म्हणायची, "बाई, मी पळत नाही, मी येते मागून." बाकीच्या हसायच्या. मीही हसायचे आणि शिट्टी फुंकायचे.

वजन घ्यायचं तर शाळेकडे काटा नव्हता. डॉक्टरांचा काटा डॉक्टरांबरोबर गेला आणि नवा मागवायचा तर तो कोणत्या कचेरीकडून मागायचा हेच कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा हिचे अप्पाच म्हणाले, "बाई, आमचा काटा हाय की. शनिवारी सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत आणा पोरींना. पोती तोलतो, पोरी तोलायला काय झालं?" असं ठरलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी सात मुलींची रांग घेऊन बाजारात जायला लागले.

काट्यावर एक म्हातारा मापाडी असायचा. उभं आयुष्य त्यानं धान्य तोलून दिलेलं. सगळे त्याला मामा म्हणायचे. माल मोजताना ही माणसं एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन. मामांनी मुलींनाही तसंच मोजलं. पहिली मुलगी लोखंडी फळीवर चढली की ते ओरडायचे, "लाभ!" आणि दांडीवरचं वजन सरकवायचे. आमच्या या मुलीला त्याचा काय आनंद! सगळ्यांना ढकलून ती पहिली चढायची. "मी लाभ! मी लाभ!" पहिल्या खेपेला तिचं वजन सेहेचाळीस किलो भरलं. मामा तिला म्हणाले, "अर्ध्या पोत्याच्या जवळ आलीस की गं माय." तिला राग आला नाही. मला मात्र ते आवडलं नव्हतं.

मग मी तिच्या घरी गेले. गव्हाची गोड हुग्गी बंद, तुपातली पोळी बंद, खिशातले शेंगदाणे आणि गूळ बंद, असं तिच्या आईला सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, दुनियेत लोकांना खायला न्हाई, आन् तुम्ही माझ्या लेकराच्या पुढचं ताट काढून घ्या म्हणता?" मी शास्त्र सांगितलं, डॉक्टर सांगितले, जिल्हा सांगितला. शेवटी अप्पांनीच बायकोला गप्प केलं. "शिकलेल्या हायत त्या. त्यांना कळतं," ते म्हणाले. या वाक्यानं मी कितीतरी दिवस फुशारून चालत होते.

श्रावणात दुसरं वजन झालं. सगळ्यांचं अर्धा-एक किलो उतरलं होतं. हिचंही एक किलो. ठीक चाललं होतं. पाऊस तेवढा नव्हता. ढग यायचे, थांबायचे आणि रेणापूरच्या बाजूला निघून जायचे. तिकडचे लोक म्हणायचे, तिकडंही बरसत नाहीत.

त्याच सुमारास रांजणातलं पाणी लवकर संपायला लागलं. मी पाळत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी चोर सापडला. हीच. तास चालू असताना लघवीला म्हणून बाहेर पडायची आणि खांबाआडून येऊन पेल्यावर पेले प्यायची. मी तिचा हात धरला. "किती प्यायलीस?" ती म्हणाली, "बाई, चार." मी सगळ्या शाळेपुढं तिला उभं केलं. म्हणाले, "तुझ्या चार पेल्यांत तीन मुली तहानलेल्या राहिल्या." ती रडली नाही, नुसती ओठांवरून जीभ फिरवत राहिली. ती जीभ मला दिसली होती. मी शपथेवर सांगते, दिसली होती. मला वाटलं, वेडावून दाखवते आहे.

दोन दिवसांनी ती परत सापडली. फळा पुसायचं फडकं भिजवायला एक पत्र्याचं टमरेल असायचं. खडूचं पांढरं पाणी त्यात. ते तिनं तोंडाला लावलं होतं. तेव्हा मात्र मी चपापले. कोणतं लेकरू असलं पाणी पिईल? पण चपापण्याची मला सवड नव्हती. मी तिला एक चापट मारली आणि टमरेल उचलून टाकलं.

आणखी एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शाळेच्या मुताऱ्या झाडायला एक मावशी होत्या. मुताऱ्यांत ओतायलाही पाणी नव्हतं, नुसती राख टाकायच्या. एके सकाळी त्या पदर खोचून धावत आल्या. "बाई, चला बघायला! मुंग्या निघाल्या! ही अशी रांग!" मुंग्या रांगेनं निघाल्या की पाऊस जवळ आला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मोठ्या बाई आल्या, शिपाई आला, मी गेले. कोपऱ्यातल्या मुतारीत काळ्या मुंग्यांची जाड रांग भिंतीवरून उतरून मोरीपर्यंत गेली होती. बाजूच्या मुतारीत एक मुंगी नव्हती. मावशींनी हात जोडले. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आम्ही मुलींना अर्धा पेला जास्त दिला, आणि संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळानं आभाळाकडे बघत राहिलो.

पाऊस आला नाही. मुंग्या मात्र रोज येत राहिल्या.

भाद्रपदातल्या शनिवारी तिसरं वजन. त्या दिवशी ती पहिली चढली नाही. रांगेत सगळ्यांत मागे उभी होती, पोत्याला टेकून. "लाभ" दुसरीच कोणी झाली. तिची पाळी आली तेव्हा मामांनी दांडीवरचं वजन सरकवलं, परत मागे आणलं, परत सरकवलं. खाली वाकून फळीखाली काही अडकलंय का बघितलं. मग म्हणाले, "एकोणचाळीस."

मी टाळ्या वाजवल्या. अप्पा गादीवरून उठून आले. "वा बाई! सहा किलो एका महिन्यात! मानलं तुम्हाला." त्यांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली तर ती पुढं कलंडली. सगळे हसले. फ्रॉक तिच्या खांद्यावरून घसरत होता. माझ्या डोळ्यांपुढं शिक्षणाधिकारी होते, मोठ्या बाईंची सही होती, आणि नांदेडला धाडायचं पत्र होतं.

निघताना मामांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, रागाला येऊ नका. एक बोलू का?"

"बोला."

"मी सारी हयात माल तोलून राहिलो. वाळलेल्या मालाची घट मला कळती. ती हळूहळू येती, दर खेपेला थोडी थोडी. त्या सहा पोरींची तशीच हाय. हिची तशी न्हाई. एवढी घट एकदम आली की आम्ही पोत्यात हात घालतो. आत कीड असती. दाणा वरून तसाच दिसतो, आतून पीठ झालेलं ऱ्हातं. लेकराला कुणाला तरी दाखवा."

मला इतका संताप आला! सहा किलो उतरवले मी, पहाटे उठून, घसा फोडून, आणि हा माणूस मला किडीच्या गोष्टी सांगतोय. "मामा, ती ज्वारी नाही. तुम्ही तुमचा काटा सांभाळा," असं मी त्याला तोडून बोलले. "न्हाई, मी आपलं सांगितलं," एवढंच ते पुटपुटले आणि पोत्याकडे वळले.

रविवारी मी खोलीत कपडे घडी करत बसले होते आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. आत पीठ झालेलं असतं. मी स्वतःला समजावलं की अडाणी माणूस आहे. मग मला ते टमरेल आठवलं. मग ती ओठांवरची जीभ. मग पोत्याला टेकलेली ती. खरं सांगते, पहिली भीती मुलीची नव्हती. हे सगळं बाहेर आलं तर माझं काय होईल, ही होती. दुसरी भीती त्याच्या मागून आली, पण ती आली तशी गेलीच नाही. उठून तिच्या घरी जावं असं चारदा वाटलं. चारदा मी परत घड्या घालत बसले.

सोमवारी ती शाळेत आली होती. प्रार्थना झाली, मैदानावर सहा जणी पळत होत्या आणि ही लिंबाच्या बुंध्याशी बसलेली. मी शिट्टी वाजवली. तिनं मान वर केली नाही. जवळ गेले तर ती श्वास घेत होती, पण तो श्वास पळून दमलेल्या मुलीचा नव्हता. बसल्या जागी ती खोल खोल ओढत होती, भात्यासारखा. मी खाली वाकले तर तिच्या तोंडाला पिकून फुटलेल्या पेरूसारखा गोड वास येत होता. तिनं माझ्याकडे बघितलं, पण मी तिला दिसत होते असं वाटलं नाही. तिच्या फ्रॉकवर ओकारी सांडली होती. मी तिला उचललं. सेहेचाळीस किलोची मुलगी मला उचलता आली नसती. ही एका झटक्यात उचलली गेली.

मी आणि मावशी तिला सायकलरिक्षात घालून रुग्णालयात निघालो. शिपायाला आडतीवर पळवलं. रस्ता एरवी दहा मिनिटांचा. चौकात टँकर उभा होता, त्याच्याभोवती घागरींची गर्दी, रिक्षा पुढं जाईना. मी ओरडत होते, कोणी हलत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष नळीकडे. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचे ओठ फुटले होते. नळीतून पाणी पडल्याचा आवाज आला आणि तिच्या घशानं गिळल्यासारखी हालचाल केली. देवा, हिला आत्ता काही होऊ देऊ नको, असं मी म्हणत होते, आणि कोणत्या तोंडानं म्हणतेय हेही मला कळत होतं.

रुग्णालयात तेच तरुण डॉक्टर होते. मुलीच्या तोंडाजवळ नाक नेताच त्यांचा चेहरा उतरला. "पाणी जास्त पीत होती का? सारखी लघवीला जात होती का?"

मावशी म्हणाल्या, "व्हय साहेब, सारखीच. त्या कोपऱ्यातल्या मुतारीतच जायची. तिथंच तर मुंग्या लागल्यात."

"मुंग्या?" डॉक्टर म्हणाले. "लघवीला मुंग्या लागल्या आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. आम्ही त्या मुंग्यांना हात जोडले होते, हे त्यांना कसं सांगणार?

साखर होती. दहा वर्षांच्या मुलीला साखर असते हे मी तेव्हा ऐकलंही नव्हतं. डॉक्टरांनी इन्शुलिनची सुई दिली, सलाईन लावलं आणि दार लावून घेतलं. मी बाकावर बसले. अप्पा आले, धावत, चप्पल एकाच पायात. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. ते माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, "बाई, आपलं काय चुकलं?" आपलं म्हणाले. मी पदर तोंडात कोंबला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. अजून सांगता येत नाही, म्हणाले. मी विचारलं, "माझ्या पळवण्यानं झालं का?" त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला. मग म्हणाले, "नाही. हा आजार पळण्यानं होत नाही, उपासानं होत नाही आणि तिच्या जाडीनंही झालेला नाही. यादीत तिचं नाव मीच घातलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण वजन उतरणं एवढंच आपण बघत होतो. तहान तुम्हाला दिसली होती ना?"

दिसली होती. त्या तहानेसाठीच मी तिला शिक्षा केली होती.

ती रात्र आणि पुढचा दिवस मी कसा काढला ते मला लिहिता येत नाही. मोठ्या बाईंचा निरोप आला, मी वाचला नाही. मामा आले होते. हातात घरून आणलेली पितळी कळशी, वर फडकं बांधलेलं. त्यांच्या वस्तीत टँकर चार दिवसांनी यायचा. "लेकराला लागंल," म्हणून त्यांनी ती दाराशी ठेवली. मी त्यांच्या पाया पडले तर ते घाबरून मागे सरकले.

बुधवारी सकाळी नर्सबाईंनी मला आत बोलावलं. "शुद्धीवर आलीय. थोडं थोडं पाणी देतोय, डॉक्टरांनी सांगितलंय. जा, भेटा."

मी दारात उभी राहिले. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झालेला, हाताला सुई, कपाळावरचं भस्म कोणीतरी नव्यानं लावलेलं. दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून ती पीत होती, डोळे मिटून, घाई न करता. मग तिनं डोळे उघडले आणि मला बघितलं.

तिनं पेला झटकन चादरीखाली लपवला. पाणी सांडलं, चादर भिजली.

"एकच घेतला, बाई," ती म्हणाली. "नर्सबाईंना विचारा. एकच घेतला."

मी जवळ गेले. चादरीखालून पेला काढून घेतला, तेव्हा तिनं मार चुकवावा तशी मान बाजूला केली. मामांची कळशी खाटेजवळच होती. नर्सबाईंनी मान हलवून हो म्हटलं, तसा मी पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला. ती माझ्याकडे बघत बघत प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही.